बाळाचा ताप

बाळंत झाल्यापासून दीपमालाला बाळाला जवळ घ्यावंसंही वाटत नव्हतं. न्हाणीत नळ सोडून ती रडायची. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो. स्वतःसाठी दवाखान्यात न्या म्हणायची तिला लाज वाटली. म्हणून ती सासूला म्हणाली, "आत्या, बाळाच्या अंगात ताप हाय."

धोंडुबाईनं सुनेच्या कानाला रुमाल बांधला आणि रिक्षा बोलावली. ठणठणीत लेकराला आपण आजारी ठरवलं, या अपराधीपणानं दीपमालाला मलकापूरचा दवाखाना येईपर्यंत मान वर करवेना.

डॉक्टरीणबाईंनी बाळ तपासलं. "ताप अजिबात नाही."



"मला ठावं हाय," धोंडुबाई म्हणाली. "आता हिला तपासा. नळ कितीबी सोडला, तरी रडणं ऐकू येतंय."