धवल्याची जोडी

उलव्यात धनेशच्या हळदीला मांडव भरला होता. काशी धवलारीण आली तशी उजव्या हाताच्या खांबाला चिकटूनच बसली, म्हणजे जोडीदारीण पुतळाला मुकाट तिच्या डावीकडे बसावं लागेल.

नुकताच सर्दी-ताप येऊन गेला आणि जाताना काशीचा उजवा कान घेऊन गेला. आधी तिनं लसणाचं तेल घालून बघितलं. मग लेक कामोठ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, "व्हायरसमुळे झालं असावं. गोळ्या आजच सुरू करा. ऐकू परत येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही."

धवला, म्हणजे हळदी-लग्नाचं गाणं, दोघींनी गायचा. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती अधांतरी झेलायची. काशी डोळे मिटून गायची. सूर कानांनी धरायचा, तिथे डोळ्यांचं काय काम, असं तिचं म्हणणं. आता जोडीदारणीची ओळच ऐकू आली नाही, तर कसली धवलारीण! पुतळाची भाची उत्कर्षा हल्ली बरी गायला लागली होती. आणि मांडवाच्या कोपऱ्यात डीजेवाला वाटच बघत होता.

पुतळा आली. "सरक गो. माजी जागा हाय ती."

"आज बस ना डावीकडं. काय बिघडलं?"

"कंदी बसली हाय का मी तितं?"

बायका बघायला लागल्या. नवऱ्याची आई हळदीची वाटी घेऊन ताटकळली. काशी अगदी रडकुंडीला आली. तिनं पुतळाला हात धरून खाली बसवलं.

"बाय, माजा उजवा कान गेलाय. तू या बाजूला बसलीस तर मला कायच आयकू येनार नाय. पन मला जोडीतून काढू नको गो."

 पुतळाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"अगो, लहानपनी गालगुंडं झाली, तवापासून माजा पन उजवाच बहिरा हाय! तू डावीकडं असलीस तरच मला आयकू येतं. तू काढशील म्हनून कंदी बोलली नाय."

"मंग आता?"

डीजेवाल्यानं खरखर करून माइक तपासला. पुतळानं आपला पाट उचलला, काशीच्या पुढ्यात मांडला आणि गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसली.

"माज्या तोंडाकडं बघ," ती म्हणाली. "आनि काशे, आज डोले मिटू नको."