सिलिंडर अर्ध्यावर असताना

शिवांजलीनं चहाचा पहिला कप पाहुण्यांपुढं धरला आणि मागच्या शेडातलं लेथ मशीन किंचाळलं.

कप बशीत हलला. चंद्राबाई दचकल्या. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलानं, वीरधवलनं, दाताखाली खडा आल्यासारखे डोळे घट्ट मिटले. शिवांजलीनंही नेमकं तेच केलं. दोघांनी एकदमच डोळे उघडले आणि पहिल्यांदा एकमेकांकडं बघितलं.

"जोतिबा हाय शेडात, बघंल तो," शिवांजलीचे वडील, कृष्णातराव, घाईनं म्हणाले. "तू बस, बाळ."

पलूसच्या त्या शेडात शिवांजली वडिलांच्या बरोबरीनं लेथ चालवायची; जोतिबा त्यांच्या हाताखालचा कामगार. लग्नानंतरही चालवणार, असं तिनं आधीच्या स्थळांना तोंडावर सांगितलं होतं. ती स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. म्हणून आज साताऱ्याहून हे मायलेक येणार म्हटल्यावर कृष्णातरावांनी तिला बजावलं होतं, शेडाचा विषय काढायचा नाही.

मशीन पुन्हा ओरडलं. या वेळी लांबलचक, पत्रा फाडल्यासारखं.

"साखर कारखान्याच्या क्रेनचा सिलिंडर हाय त्यो," शिवांजली म्हणाली. "त्याच्यावाचून ऊस उतरायचा खोळंबलाय. कातताना थरथरून आतनं लाटा पडल्या तर भंगारात जाईल." तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला, पदर खोचला आणि मागच्या दारानं गेली.

हेही स्थळ गेलं, असं कृष्णातरावांच्या मनात आलं.

वीरधवल उठला.

"बस," चंद्राबाई हळूच म्हणाल्या. "मला शब्द दिलायस तू."

तो बसला. साताऱ्यात तो मशीनला लागणारी कापायची टूल्स आणि ती धरणारे होल्डर विकायचा, आणि त्याबद्दल कुणाशीही, कुठंही बोलत सुटायचा. मागच्या बघण्याच्या कार्यक्रमात त्यानं मुलीला टूलच्या टिपांचे प्रकार समजावून सांगितले होते. तिकडून परत फोन आला नाही. त्यामुळं आज घरातून निघतानाच आईनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं.

शेडातला आवाज थांबला. परत सुरू झाला. जरा बारीक, पण थरथर तीच. वीरधवलचा गुडघा हलायला लागला.

"कापायचा बार लांब पडतोय, आई," तो शेवटी म्हणाला. "माझ्या गाडीत न थरथरणारा हाय एक. आलोच."

शेडात शिवांजली लेथवर वाकली होती. सिलिंडर चांगलाच खोल होता. त्याच्या आत जाऊन कापणारा पोलादी दांडा, म्हणजे बोरिंग बार, होल्डरच्या बाहेर हातभर निघाला होता आणि टोकाला छडीसारखा थरथरत होता. तिनं वेग उतरवला होता, टिप नवी लावली होती. बार आखूड धरावा तर तो तळापर्यंत पोचत नव्हता. सिलिंडरच्या आत बारीक लाटा उठल्या होत्या, आणि कापायला माल थोडाच उरला होता.

वीरधवलनं लांबट डबा उघडला. आत जाडजूड बार होता.

"ह्याच्या पोटात वजन हाय, रबरावर बसवलेलं. बार एकीकडं हलला की वजन दुसरीकडं ओढतं. थरथर आतल्या आत मरती." तो थांबला. "सॉरी. मी लय बोलतो."

"बोला की," शिवांजली म्हणाली. तिनं बार होल्डरमध्ये घालून बघितला. "होल्डरचं भोक मोठं पडतंय. कसा धरायचा?"

"वरनं दोन स्क्रू आवळू. सगळी गिऱ्हाइकं तसंच करत्यात."

"मग सगळ्यांचेच बार हलत असतील. चारी बाजूंनी धरायला पायजे. मुळातच ढिला बसला तर पोटातलं वजन काय करणार?"

वीरधवल हसला. "कंपनी बी हेच सांगती. कुणी ऐकत न्हाई म्हणून मीच सांगायचं सोडलंय."

शिवांजलीनं दुसऱ्या लेथवर ॲल्युमिनियमचा तुकडा चढवला आणि बारवर बसेल आणि होल्डरचं भोक भरेल अशी नळी कातून काढली. वीरधवल मापं घेत होता. आवळल्यावर नळी बारला घट्ट धरावी म्हणून तिला लांबीतून चीर पाडायची होती. ती त्यानं हॅक्सॉनं पाडली. पांढऱ्या शर्टावर चुरा उडत होता.

"मी लग्नानंतर बी हेच करणार हाय," शिवांजली म्हणाली.

"माझी निम्मी गिऱ्हाइकं पलूसातच हायत," तो करवत चालवत म्हणाला. "इकडंच ऱ्हायला आलो तर पेट्रोल तरी वाचंल."

जोतिबा खाली वाकून स्क्रू शोधू लागला. स्क्रू पडलेला नव्हता.

बैठकीत दुसरा चहाही संपला होता.

"पोरगी तशी गुणाची हाय," कृष्णातराव म्हणाले.

"आमचं पोरगं बी वाईट न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या.

तेवढ्यात लेथ सुरू झालं. दोघांनी कान टवकारले. किंचाळी आली नाही. एकसारखी, मऊ घरघर तेवढी येत राहिली. बऱ्याच वेळानं तीही थांबली. दोघं उठून शेडाच्या दारात गेले.

सिलिंडरच्या तोंडाशी टॉर्च धरून वीरधवल आणि शिवांजली आत बघत होते. आत एकही लाट नव्हती. आणखी एक हलका हात मारावा, असं तो म्हणत होता. माप आलंय, आता हात लावायचा नाही, असं ती म्हणत होती. तो कारणं सांगत होता, ती एकेक खोडून काढत होती. दोघंही एकाच वेळी बोलत होते आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं.

चंद्राबाई खोकल्या. कुणी वर बघितलं नाही. कृष्णातरावांनी लेकीला हाक मारली. तिनं नुसताच हात हलवला, थांबा म्हणून.

चंद्राबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग कृष्णातरावांकडं वळल्या.

"पाव्हणं, तारीख आपणच बघूया," त्या म्हणाल्या. "ही दोघं काय आज त्या भोकातनं बाहेर येत न्हाईत."