सातवं हेल्मेट

टेबलावर सहा हेल्मेटं होती: चार काळी, दोन लाल. सगळी नवी, निरीक्षकाने सकाळी गोदामातून स्वतः उचललेली. चाचणी साधी होती. धातूच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं, उंचावरून लोखंडी ठोकळ्यावर सोडायचं आणि आतल्या डोक्याला बसलेला झटका पडद्यावर वाचायचा. मर्यादा तीनशे.

सहाही नापास झाली. सगळ्यात कमी आकडा चारशे बारा.

तक्रार करणारी भिंतीला टेकून उभी होती. ती इथेच चाचण्या घ्यायची; आठ महिन्यांपूर्वी कारखान्याच्या मालकाने तिला याच खोलीतून हाकललं होतं. ती खोटे आकडे सांगते, असं त्याने जिथेतिथे कळवलं, आणि मग एकाही प्रयोगशाळेने तिला दारात उभं केलं नाही.

"सहा तुकड्यांवरून अख्खा माल वाईट ठरतो होय?" मालक म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "घरच्यासारखं ठेवलं तुला. आणि तू खाल्ल्या घरचे वासे मोजलेस."

"मोजण्याचाच पगार देत होतात, साहेब."

ती खिडकीपाशी गेली. खाली मालकाच्या मुलीची स्कूटर उभी होती. आरशाला हेल्मेट लटकत होतं, त्यावर कारखान्याचा स्टिकर.

"सहा कमी पडत असतील तर ते सातवं घेऊ," ती निरीक्षकाला म्हणाली. "यांच्या लेकीचं."

मालकाचा चेहरा उतरला. "ते नको."

"का? माल आपलाच आहे ना?"

"जुनं आहे ते. तेवढं राहू द्या."

हाच चेहरा बघायला ती आली होती. निरीक्षकाने शिपायाला खाली पाठवलं.

हेल्मेट आलं. "पट्टा साहेबांनाच आवळू द्या," ती म्हणाली. "लोकांच्या पोरांना काय बांधून देतात, ते हाताला कळू दे." मालकाची बोटं बकलावरून दोनदा घसरली. ती शेवटपर्यंत त्या बोटांकडे बघत राहिली.

निरीक्षकाने खटका ओढला.

या वेळी आवाज बसका आला. कवचावर साधा तडाही नव्हता. फक्त स्टिकरचा कोपरा सुटला होता. निरीक्षकाने तो नखाने सोलून काढला. खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं.

यंत्राची घरघर थांबली. निरीक्षक पडद्याकडे वळला, तशी ती मध्ये आली.

"आकडाही साहेबांनाच वाचू द्या."

मालकाने चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"दोनशे अठरा," तो म्हणाला.