बाजूच्या सीटचं वजन

माळावरच्या शर्यतीआधी गाड्यांची तपासणी चालू होती. धोंडीराम जीपमध्ये एकटेच होते. बाजूच्या सीटवर एक डबी होती. बावीस वर्षं त्यांची बायको शकू तिथे बसून वाट सांगायची. गेल्या वर्षी जाण्याआधी तिने आपल्या साऱ्या आठवणी त्या डबीत उतरवून ठेवल्या होत्या.

"हे यंत्र आहे. यांना यंत्रगटात घाला," शर्यतीतला दुसरा चालक चिकोडे म्हणाला. त्या गटात बिनचालकाच्या गाड्या पळत. तिथे धोंडीरामांचा निभाव लागला नसता.

तपासनीस नसीमताई डबीकडे वाकल्या. "वहिनी, ओढ्यानंतर कुठे वळायचं?"

"डावीकडे," डबीतून शकूचा आवाज आला.

"उजवीकडे गं," धोंडीराम पुटपुटले.

"तुमचं ऐकलं की आपण बाभळीत जातो!"

नसीमताईंनी नकाशा पाहिला आणि त्या हसल्या. "वळण उजवीकडेच आहे. चिकोडे, यंत्र चुकत नाही, आणि चुकून वर भांडत तर नाहीच. हे जोडी गटात. पण धोंडीराम, दुसऱ्या माणसाचं वजन गाडीत हवं. नियम सगळ्यांना सारखा."

"उपकार झाले, ताई," धोंडीराम म्हणाले. "वर्षभरात पहिल्यांदाच कोणी हिला माणसांत धरलं."

त्यांनी काट्यावर शकूच्या वजनाइतकी, चौपन्न किलो वाळू भरून घेतली, पोतं बाजूच्या सीटवर ठेवलं आणि सवयीने, तिला लागायचा तसा, पट्टा थोडा सैलच बांधला.