नू आ किते

"मास्तर, क्रियापदाची एक शंका आहे." वर्ग सुटल्यावर काकू टेबलापाशी आल्या.

फ्रेंचच्या वर्गात सगळे त्यांना शंकाकाकू म्हणत. टेबल स्त्रीलिंगी का, एखाद्याला 'त्यू', म्हणजे तू, कधी म्हणायचं आणि 'वू', म्हणजे तुम्ही, कधी, एक ना दोन. मुलगा नोकरीसाठी तिकडे गेला, म्हणून साठीत त्यांनी वर्गात नाव घातलं होतं.

काकूंनी फोन पुढे केला. मुलाच्या घरमालकिणीचा निरोप होता, फ्रेंचमध्ये. 'तुमचा मुलगा आज सकाळी', आणि पुढे तीन शब्द. नू आ किते.

"किते म्हणजे सोडणं ना? खोली सोडली असेल त्यानं. मग साधं 'पार्ती', निघाला, असं का नाही लिहिलं?"

मास्तरांच्या काळजात धस्स झालं. आम्हाला सोडून गेला. फ्रेंच माणूस हे कुणाबद्दल लिहितो, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"मुलाशी बोलणं झालं?"

"फोन बंद लागतोय. चार्ज करायचा विसरला असेल, धांदरट मेला!"

मास्तरांची जीभ रेटेना. "जरा बघून सांगतो," एवढंच म्हणून त्यांनी मालकिणीचा नंबर घेतला. घरी येऊन लावून पाहिला. कुणी उचलला नाही. रात्री पुन्हा दोनदा लावला, तरी तेच.

सकाळी मन घट्ट करून ते काकूंच्या दारात उभे राहिले. बायकोलाही सोबत आणलं होतं. काकूंना सावरायला कुणीतरी हवंच.

दार उघडलं ते दाढी वाढलेल्या एका तरुणानं. मागून काकूंचा आवाज आला, "या, या मास्तर! माझंच खरं निघालं बघा. खोली सोडूनच आलाय लेक, कायमचा!"

मास्तर दाराच्या चौकटीला टेकले. त्यांचे डोळे भरून आले. बायकोनं तर मटकन खाली बसून आधी पाणी मागितलं.

"आईला न सांगता यायचं होतं," मुलगा म्हणाला. "पण मालकीणबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"अहो, पण असं लिहायचं?" जिवात जीव आल्यावर मास्तरांना राग आठवला. "फ्रेंच बाईला एवढंही कळू नये?"

"फ्रेंच कुठल्या हो!" मुलगा हसला. "त्याही बाहेरूनच आल्यात. माझ्याबरोबरच तिथल्या फ्रेंचच्या वर्गात शिकत होत्या. क्रियापदं तर त्यांना मीच समजावून द्यायचो."