सगळे आले का?

"सुप्रभात. आज वारा मंद आहे. आपण पेंग्विनच्या किनाऱ्यावर उतरणार आहोत," दीपमालाने घोषणा केली आणि वडिलांच्या खाटेजवळचा कूलर वाढवला.

राजूरमध्ये एप्रिल सुरू होता. कोळशाचे ट्रक गेले की खिडकीची काच थरथरायची.

"म्याडम, तुमचं लाल जाकीट?" वडिलांनी, उकंडाजींनी, विचारलं.

तिने खुंटीवरचं जाकीट चढवलं. चव्वेचाळीस डिग्रीत. त्याशिवाय बाबा किनाऱ्यावर उतरत नसत.

चार वर्षं ती दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या एका महागड्या बोटीवर वाटाड्या होती. भूशास्त्र शिकलेली. श्रीमंत पाहुण्यांना बर्फ आणि खडक समजावून सांगायची. मागच्या वर्षी बाबांना लकवा झाला. त्यांच्या खाणीतल्या जोडीदाराने, मारोतरावांनी, फोन केला आणि चौथ्या दिवशी ती दारात उभी होती. शुद्धीवर आल्यापासून बाबा तिला म्याडम म्हणू लागले. आपण तिच्या बोटीवर आहोत, अशी त्यांची समजूत झाली होती. ती मोडू नका, डॉक्टर म्हणाले. वस्तीत सगळे म्हणायचे, पोरीने बापासाठी बोट सोडली. ती ऐकून घ्यायची.

किनाऱ्यावर उतरण्याआधी बूट धुवावे लागतात. तिने घमेल्यात पाणी घेऊन बाबांचे पाय धुतले. मग चौकटीच्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला उलटा केला. हा त्यांचा खाणीतला बिल्ला. खाली जाताना द्यायचा, वर आल्यावर परत घ्यायचा. फळीवर एक जरी उरला, तर कोणीतरी आत आहे. बोटीवरही अशीच फळी असते. उतरताना आपला बिल्ला उलटा, परतल्यावर सुलटा. पहिल्या सफरीनंतर तिने हे सांगितलं, तेव्हा बाबा हरखले होते. "म्हंजे खाणच की वो!"

मारोतराव आले.

"ये मारोत, बस. तू बी याच बोटीत काय?"

"बोटीत बिडी चालते काय गा?"

"पेटवून पाह्य. समुद्रात फेकतो तुले."

तिने खाट खिडकीशी ओढली. समोर चुनाभट्टीचा पांढरा ढिगारा होता. तोच बर्फ. बर्फ निळा का दिसतो, ते तिने सांगितलं. बाबा मन लावून ऐकत होते. मारोतराव उगाच डोळे पुसत होते.

परतल्यावर पाहुण्यांना गरम चॉकलेट मिळतं. तिने नाचणीची पेज आणली.

"एवढी म्हागाची बोट, अन् चाकलेटात साखर नाही?"

"डॉक्टरांची मनाई आहे, सर."

बाबा हसले. मग रोजचा प्रश्न आला. "सगळे आले का, म्याडम? पाहून मोजले ना?"

तिने घमेलं उचललं आणि मोरीकडे गेली. या प्रश्नाला ती रोज घमेलंच उचलायची.

त्या दिवशी बिल्ला सुलटा करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घोषणा केली, तेव्हा बाबांनी जाकीट मागितलं नाही.

बाबांच्या फोटोसमोर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं पांगली. मारोतराव मात्र खिडकीशी बसून राहिले.

"दीपा, एक सांगू? रागावजो नको. उकंडाचं डोस्कं बिघडलंच नव्हतं."

तिने हातातली सतरंजी खाली ठेवली.

"त्याले सगळं समजे. कूलर समजे, चुनाभट्टी समजे. मले म्हने, मारोत, पोरगी माह्यापायी बोट सोडून आली. जाकीट घालून बोलाले लागली का कशी फुलते, पाह्यलं? मी येडा झालो त काय बिघडलं? घरात तरी तिची बोट चालू राहू दे."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काठी टेकत निघून गेले.

बिल्ला अजून उलटाच होता. दीपमालाने तो हातात घेतला. जाकीट खुंटीवर राहू दिलं. रिकाम्या खाटेशेजारी खाली बसली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मी बोट सोडली नव्हती. मले कामावरून काढून उतरवलं. एका म्हाताऱ्या पाहुण्याचा बिल्ला मी त्याले न पाहताच सुलटा केला, अन् बोट निघाली तवा तो बर्फावरच होता."