स्वतःचे शब्द

सत्रपरीक्षेचा इंग्रजीचा पेपर काढायला आम्ही दोघं स्टाफरूममध्ये बसलो, आणि माझे सीनियर सत्यजीत सर यांनी नेहमीप्रमाणे गाईड उघडलं. कादंबरीवरचा निबंध त्यातलाच काढायचा, आधी वर्गात लिहून द्यायचा आणि पोरांनी तो पाठ करून पेपरात ओकायचा, ही त्यांची पद्धत.

मी भडकले. "सर, आपण कादंबरी शिकवतो की गाईड? या वेळी निबंध स्वतःच्या शब्दांतच लिहायचा. पाठ केलेला दिसला की शून्य!"

"पोरं नापास झाली तर पालकांच्या शिव्या तुम्ही खा, मॅडम," म्हणत ते गाईड आपटून निघून गेले.

खाईन की! त्याच तावात मी बारावीच्या वर्गात शिरले. सगळ्यांची गाईडं काढून घेऊन टेबलावर रचली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'निबंध स्वतःच्या शब्दांत लिहा.' अख्खा वर्ग माझ्याकडं खाऊ का गिळू अशा नजरेनं बघत होता.

शेवटी खुटबावहून येणारी ज्ञानेश्वरी उठली. वर्गात कायम पहिली येणारी पोर ती, पण आज रागानं तिचा आवाज थरथरत होता.

 

"गाईडं घेतली तर घ्या, मॅडम. पण परीक्षा सोमवारवर आली हाय. आमचे स्वतःचे शब्द तुम्ही कवा लिहून देणार?"